पातुर्ड्याचा जावई

काजलची एक खोड विमलबाईंच्या डोक्यात ती सून होऊन आली त्या दिवसापासून बसली होती. दारात माणूस आला की ही बाई आधी गेटची कडी धरून उभी राहायची. कोण तुम्ही, कोणाकडून आले, काय काम आहे. सगळं विचारून झालं, तोंडापासून चपलेपर्यंत बघून झालं, की मग कडी निघायची. तोवर पाहुणा उन्हात उभा आणि त्याची पिशवी त्याच्याच हातात.

हे तिनं माहेरून आणलं होतं. बाप खामगावला जिनिंगच्या गेटवर. कापसाची गाडी आली की गाडी कोणाची, कुठल्या गावची, खालून ओला माल तर भरला नाही, हे विचारण्यात त्याचा जन्म गेला.

"तुह्या बापाले इचारायचा पगार भेटते," विमलबाई म्हणायच्या. "तुले कोन देते?"

विमलबाईंच्या घरची रीत वेगळी. माणूस गेटाशी आला की पहिले त्याच्या हातातली पिशवी घ्यायची आणि आत नेऊन ठेवायची. म्हणजे तो आता घरचा झाला, जेवल्याशिवाय जात नाही. मग गोडं पाणी. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे. त्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट, म्हणून पाहुण्याला कॅनमधलं विकतचं पाणी द्यायचं, हापशीचं नाही. आणि जावई असला तर मग बोलायलाच नको. घरचा असो की माहेरच्या गावातल्या कोणाचा, जावयाची पिशवी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं स्वतःच्या हातानं घ्यायची. जावई आपली पिशवी आपणच वागवत उंबरा ओलांडून आला, तर त्या घरातल्या बाया काय झोपल्या होत्या का, असं लोक वर्षभर बोलतात.

त्या दिवशी सकाळी सकाळी वाजलं ते यावरूनच. विमलबाईंच्या मावसबहिणीचा दीर लग्नाची पत्रिका घेऊन आला, आणि काजलनं त्याला आधार कार्ड तेवढं मागायचं बाकी ठेवलं. माणूस अर्धा कप चहा तसाच ठेवून निघून गेला. विमलबाईंनी दुपारपर्यंत सुनेशी अबोला धरला. मुलगा राजकुमार घरी असता तर त्यानं मध्ये पडून दोघींना हसवलं असतं, पण तो गावचा पोलीस पाटील, आणि त्या दिवशी त्याची संग्रामपूरला बैठक होती.

घर गावाच्या कडेला, समोर लागूनच वावर. हरभरा निघून गेलेला, रान उघडं आणि सपाट. विमलबाई ओसरीत चिंचा फोडत होत्या तेव्हा मावळतीकडून आवाज आला.

विमान म्हणजे उंच आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारं, हे त्यांना माहीत होतं. हे तसं नव्हतं. हे शेजारच्या भागवतच्या कडुलिंबाच्या झाडाला टेकेल इतकं खाली होतं. जीपएवढं लहान, पांढरं, आणि खोकत होतं. हो, खोकतच होतं, दम्याच्या माणसासारखं. मग खोकला थांबला. सगळंच थांबलं. आवाज न करता ते पांढरं धूड सरळ घराकडं येत होतं.

"काजल!" त्या ओरडल्या. "बाहीर पय!"

विमान वावरात आदळलं. मातीचा लोट उठला, चाक मोडल्याचा कडाड आवाज झाला, ते आडवं फिरलं आणि एक पंख धुऱ्यात, म्हणजे बांधात, रुतून थांबलं. धूळ खाली बसेपर्यंत दोघी सासवा-सुना एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. सकाळचा अबोला कुठं गेला, ते कोणाला आठवलं नाही.

दोन माणसं बाहेर पडली. एक तरुण, दाढीवाला, कपाळातून रक्त येत होतं. तो मूठमूठ माती इंजिनावर टाकत होता आणि ओरडत होता, "पेट्रोल गळून राह्यलं! दूर व्हा! कोनी बिडी पेटवू नका!" दुसरा चाळिशीतला, गोरा, स्वच्छ शर्टातला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. हातात काळी बॅग घेऊन तो थेट घराकडं चालत आला.

वाटेत धुऱ्यावर त्याला शेजारच्या वावरातला भागवत भेटला, त्याच्याशी दोन शब्द बोलला. हापशीशी थांबून ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. मग गेटाशी आला. काजलनं कडी धरलेलीच होती.

"कोन तुम्ही? कुठून आले?"

"अहो ताई, मरता मरता वाचलो. बसू तरी द्या." तो तिच्या खांद्यावरून विमलबाईंकडं बघून हसला. हात जोडले. "काकू, देवासारख्या भेटल्या. तुमचं माहेर कुठलं हो? बोलण्यात गोडवा आहे म्हणून विचारतो."

विमलबाईंच्या माहेराबद्दल कोणी विचारून कित्येक वर्षं झाली होती. "पातुर्डा," त्या म्हणाल्या.

"काय सांगता! मी पातुर्ड्याचा जावई! शालिग्राम माझं नाव. म्हणजे तुम्ही तर माझ्या बायकोच्या आत्या लागल्या."

"पातुर्ड्यात कोनाकडचे?" काजल म्हणाली.

"काजल!" विमलबाईंचा आवाज चिंचेच्या फोकासारखा सणकला. "जावयाले इचारते का कोनी असं? सकाळी एक पाव्हना घालवला तेवढा पुरे नाही झाला? हो बाजूले."

आणि त्यांनी स्वतः कडी काढली, शालिग्रामच्या हातातली काळी बॅग घेतली. बॅग दिसत होती त्यापेक्षा फार जड होती. खांदा खाली ओढला गेला, तरी जावयासमोर कण्हायचं नाही म्हणून त्या ताठ चालत गेल्या आणि बॅग कोठीच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांमागं ठेवून आल्या. शालिग्राम ओसरीतल्या बाजेवर बसला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही त्यानं. विमलबाईंना वाटलं, किती रीतीचा माणूस आहे.

मग दाढीवाला गेटाशी आला. त्याचं नाव अल्तमश. हातानं कपाळ दाबून धरलं होतं.

"मावशी, हा माणूस इथं कसा? मी म्हनलं होतं झाडाखाली थांबा."

"पाव्हना हाये तो. तूही ये, बस. कपायाले हयद लावून देतो."

"मले आत येता येत नाही, मावशी. त्यालेही येता येत नाही." तो तिथंच गेटाबाहेर जमिनीवर बसला. "मी अकोल्याचा हाये, तुमच्या भाषेत सांगतो. हे विमान एका शेठनं बाहेर देशात घेतलं. मी फक्त चालवून आनून राह्यलो. नागपूरले उतरायचं होतं. तिथं पासपोर्ट पाहतात, सामान उघडून पाहतात, मंगच मानूस बाहीर जाते. मध्ये कुठं असं पडावं लागलं, तर कायदा सरळ हाये. पोलिसाले कळवायचं, आन साहेब लोक येईपर्यंत मानसानं विमान सोडून जायचं नाही, आन सामान त्याच्यातून हलवायचं नाही. एक थैलीसुद्धा नाही. हलवलं का ते चोरटं धरतात. देनारा आन घेनारा, दोघंही आत."

घेणारा. विमलबाईंच्या हाताला अजून बॅगेच्या कातड्याचा वास येत होता.

अल्तमश शालिग्रामला म्हणाला, "तुमच्या पायाशी काळी बॅग होती. कुठं हाये?"

"विमानातच असेल," शालिग्राम म्हणाला. मान वळवून त्यानं विमलबाईंकडं पाहिलं. डोळ्यांत अजून तेच गोड हसू. "मी कशाला आणू? जीव वाचवत होतो."

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बॅग म्या आत नेली बाप्पा, आणून देतो. पण जावयाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? तेही त्या आडमुठ्या पोरासमोर, जो त्यांच्या गेटाच्या आत पाऊलही टाकत नव्हता? विमलबाईंनी पदर सावरला आणि गप्प राहिल्या. काजलनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही.

"पेट्रोलचा वास कमी झाला का पाहतो," अल्तमश म्हणाला आणि उठून विमानाकडं गेला.

काजलनं राजकुमारला फोन लावला. विमान पडलं, दोन माणसं जिवंत आहेत, एवढं सांगून झालं आणि ती म्हणाली, "अन् ऐका ना, ती बॅग..." विमलबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचं बोलणं तिथंच तुटलं. पलीकडून राजकुमारचा आवाज येत होता, "कोनी कशाले हात लावू नका. मी ठानेदार साहेबाच्या जीपमध्ये बसून राह्यलो. निंघालोच."

काजलनं फोन ठेवला. दंड चोळत आत गेली.

शालिग्रामनं विमलबाईंना खुणेनं जवळ बोलावलं. आता आवाज हळू होता, आणि त्यातला जावई निघून गेला होता.

"आत्याबाई, बॅग आहे तिथं राहू द्या. मला आज नेतील. माझ्याजवळ काही नाही, विमानात काही नाही, म्हणजे सोडून देतील. मग माझा माणूस येईल, त्याच्या हाती द्या. विषय संपला."

"हाये काय त्याच्यात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अन् म्या सांगतलं तर?"

तो बाजेवरून थोडा पुढं वाकला. "सांगा की. मग मीही सांगेन. एवढी शिवारं सोडून विमान नेमकं पोलीस पाटलाच्या वावरात उतरलं. पाटील नेमके घरी नाहीत. बॅग तुमच्या घरात लपवलेली. लपवली कोणी? मी तर उंबऱ्याच्या आतसुद्धा आलो नाही. साहेब लोक काय समजतील, की हा सगळा ठरवून केलेला कारभार आहे. पाटलानं जागा दिली, पाटलाच्या आईनं माल ठेवून घेतला." तो मागं टेकला. "एवढ्या जवळच्या माणसाला अडकवायचं माझ्या मनात नाही. तुम्ही फक्त गप्प बसा. मघाशी बसल्या तशा."

विमलबाई आत आल्या. उन्हाळ्याची सुरुवात, पत्रा तापलेला, आणि त्यांचे तळपाय गार पडले होते.

कोठीच्या खोलीत काजल आधीच उभी होती. ओसरीकडच्या खिडकीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तुरीच्या पोत्यांमागं ती काळी बॅग दिसत होती. रोज धान्य काढायची ती खोली. पण विमलबाईंना वाटलं, आत कोणीतरी जनावर येऊन बसलं आहे आणि आपण हललो की ते अंगावर येईल.

"म्या इचारलं होतं त्याले," काजल कुजबुजली. "पातुर्ड्यात कोनाकडचे, म्हनून. तुम्ही माहं तोंड बंद केलं."

"आता ते नको उगाळू."

"हापशीचं पानी तोंडात घेऊन थुंकलं त्यानं. म्या पाह्यलं. पातुर्ड्यालेही असंच खारं पानी हाये ना, आई? सासुरवाडीले काय दुधानं चूळ भरत होता काय तो?"

विमलबाई पोत्यावर बसल्या. माहेर कोणतं ते त्यानं विचारलं होतं. पातुर्डा हे नाव त्याच्या तोंडात आपणच घातलं. पातुर्ड्याऐवजी लोणार म्हटलं असतं तर तो लोणारचा जावई झाला असता.

बाहेर वावरात माणसांचा गलका वाढत होता. अर्धं गाव जमलं असावं. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. जीप परत चालली आहे, तीच जीप, पण राजकुमार ठाणेदाराच्या बाजूला नाही, मागच्या बाकावर आहे, दोन शिपायांच्या मध्ये. दिवसभर वावरात राबून ज्या पोरानं या पदाची परीक्षा दिली, बाप उत्तमराव गेल्यावर ज्यानं घराचं नाव खाली पडू दिलं नाही, गावात भांडण झालं की दोन्हीकडची माणसं ज्याच्या शब्दावर थांबतात, तो. आणि लोक गेटाशी उभे राहून बघताहेत.

"विहिरीत टाकू," त्या म्हणाल्या.

"आई!"

"कोनाले दिसनार नाही. मागून जातो मी."

"गाळ उपसतील. तो मानूस सांगीन ना, बॅग होती म्हनून. मंग आपन खरोखरचे चोर होऊ. आता तरी फक्त..." काजलनं शब्द शोधला. "आता तरी फक्त पाव्हना घरात घेतला आपन."

"राजकुमारले सांग. हळूच सांग त्याले."

"जीपमध्ये ठानेदार बाजूले बसेल हायेत. काय हळू सांगू?"

खिडकीतून अल्तमश दिसत होता. तो विमानाचं दार उघडून आत वाकला होता. मग तो सरळ झाला, आणि घराकडं बघत उभा राहिला. बॅग विमानात नाही, हे त्याला कळलं होतं.

मग लांबून हॉर्न वाजला. गावच्या फाट्यावरून जीप वळली की वाजतो तसा.

काजल पुढं झाली आणि बॅगेचा बंद धरला. "मी नेतो बाहीर."

"ठेव खाली." विमलबाई उठल्या. आवाज आपोआप जागेवर आला. "म्या आनली. घरात मोठी कोन हाये, तू का मी?"

त्यांनी बॅग उचलली. मघापेक्षाही जड लागली. ओसरीत आल्या तशी शालिग्रामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो झटकन उठला.

"काय करता? आत ठेवा ती. आत ठेवा!"

त्यानं दुसऱ्या बाजूनं बंद पकडला आणि खेचला. विमलबाईंच्या मनगटात कळ गेली. त्याचा चेहरा इतक्या जवळ होता की श्वास लागत होता. दात आवळून तो म्हणाला, "म्हातारे, पोराला जिता गाडशील."

त्या क्षणी विमलबाईंना वाटलं, सोडून द्यावी. खरंच सोडून द्यावी, ओट्यावर बसावं, डोळे मिटावेत, आणि जे व्हायचं ते आपल्याला न दिसता होऊ द्यावं. बोटं ढिली पडायलाही लागली होती. तेवढ्यात जीप वावराच्या तोंडाशी थांबली आणि राजकुमार उतरला. उन्हानं डोळे बारीक करून तो घराकडं बघत होता. आई कुठं दिसते का ते बघत होता.

विमलबाईंचा आवाज गावात प्रसिद्ध. तीन वावरांपलीकडच्या गड्याला त्या घरातून हाक मारायच्या. तो सगळा आवाज त्यांनी काढला.

"गाववाले हो! इकडं पाहा! ही बॅग ह्या मानसाची हाये! म्या त्याच्या हातातून घेतली अन् म्याच घरात नेली! उघडली नाही! आता मी परत नेऊन राह्यली अन् हा मले नेऊ देत नाही!"

शंभर डोळे वळले. शालिग्रामचा हात सुटला.

त्या गेटातून निघाल्या आणि ढेकळं तुडवत, बॅगेच्या वजनानं एका अंगाला वाकत, वावराच्या मधोमध गेल्या. काजल मागून चालत होती, हात न लावता, पण पडल्या तर धरता येईल इतकी जवळ. विमानापाशी त्यांनी बॅग खाली ठेवली आणि तिच्याजवळ मातीत बसल्या.

"बॅग घरात होती?" ठाणेदारानं विचारलं.

"हाव."

"कोणी नेली?"

"म्या."

"का?"

"पाव्हना म्हनून. जावई हाओ म्हनला माह्या माहेरचा. जावयाची थैली घ्या लागते."

लोकांत खसखस पिकली. ठाणेदार हसला नाही. त्यानं राजकुमारकडं पाहिलं. "पाटील, तुम्ही जरा बाजूला उभे राहा."

एवढंच तो म्हणाला. आणि राजकुमार, ज्याला गावात कोणी बाजूला हो म्हणत नव्हतं, तो दोन पावलं मागं सरून एकटा उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. विमलबाईंना वाटलं, ठाणेदारानं आपल्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

शालिग्राम शांतपणे बोलायला लागला. शहरी भाषा, सर, सर करत. बॅग त्याची नाहीच. तो विमानाबरोबर आलेला मेकॅनिक. या घरात आधीपासून काय होतं ते त्याला कसं माहीत असणार? म्हातारी घाबरून बाहेर आणते आहे, आणि नाव त्याच्यावर ढकलते आहे. शेवटी मुलगा पोलीस पाटील, सर, तुम्ही समजू शकता.

ठाणेदार मान हलवत ऐकत होता. खोटं किती नीट इस्त्री करून आलं होतं, आणि त्यांचं खरं मातीत बसलेलं, घामेजलेलं.

"साहेब," काजल म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट करून ती पुढं झाली. कडी धरून उभी राहते तशीच उभी होती. "ह्यांले एक इचारा. पातुर्ड्यात ह्यांचा सासरा कोन?"

"मी असं काही म्हणालोच नाही. पातुर्डा कुठं आहे हेही मला माहीत नाही."

"आरे!" गर्दीतून भागवत ओरडला. "मले धुऱ्यावर काय म्हनला बे तू? म्या इचारलं कुठचे, तं म्हने तुमच्याच गावचा जावई हाओ, पाटील कुठं राहतात? इथं गावचा जावई, अन् गेटापाशी जाईपर्यंत पातुर्ड्याचा झाला? एका दुपारी दोन लग्नं!"

आता गाव मोठ्यानं हसलं. ठाणेदाराची मान हलायची थांबली.

अल्तमश म्हणाला, "साहेब, ही बॅग पूर्ण वाटेत ह्याच्या पायात होती. मी म्हनलं मागं ठेवा, तर ठेवू दिली नाही. शेठनं मेकॅनिक म्हनून संगं बसवला. पन इंजिन बंद पडलं तेव्हा ह्यानं इंजिनाकडं पाह्यलं नाही, बॅग पकडली."

ठाणेदारानं बॅगेचं कुलूप हातात घेऊन पाहिलं. "किल्ली?"

शिपायानं त्याचे खिसे तपासले. किल्ली पायमोज्यात निघाली.

एवढ्यावर सुटका झाली, असं कोणी समजू नये. ठाणेदारानं बॅग सर्वांसमोर कापडात शिवून लाखेनं बंद केली आणि बजावलं, की कस्टमचे साहेब नागपूरहून सकाळी येतील, ते ठरवतील कोण साक्षीदार आणि कोण आरोपी. तोवर या घरातल्या कोणीही गाव सोडायचं नाही. पाटलांनीसुद्धा नाही. राजकुमार त्या संध्याकाळी जेवला नाही. आईला एक शब्द बोलला नाही, आणि ते विमलबाईंना शिव्यांपेक्षा जड गेलं. त्यांनी चुलीपुढं बसून किती वेळा तरी मनातल्या मनात जबाब दिला. प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न यायचा, मग पायलटनं विचारलं तेव्हा तुम्ही गप्प का बसल्या? त्याचं उत्तर काही जमत नव्हतं.

सकाळी साहेब आले. दोन पुरुष, एक बाई. बॅग पंचांसमोर उघडली. वर खजुराची पाकिटं, खाली चिकटपट्टीत गुंडाळलेले चपटे तुकडे. पट्टी फाडली तेव्हा आतून पिवळं चमकलं. सोनं होतं. बघायला आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

त्यातल्या बाई साहेबांनी विमलबाईंना समोर बसवलं आणि तोच प्रश्न विचारला. गप्प का बसल्या?

"मोठेपना," विमलबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नाही. "सुनेपुढं चुकली असं दिसू नये म्हनून."

त्या बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. "आजी, बॅग आम्हाला झडतीत तुमच्या खोलीत सापडली असती ना, तर मी इथं तुमच्या ओसरीत बसून बोलत नसते. तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही नागपूरला आमच्या समोर असता. तुम्ही स्वतः बाहेर आणून ठेवली, एवढ्यावर सगळं निभावलं."

शालिग्रामला घेऊन गेले. त्याचं खरं नाव वेगळंच निघालं. अल्तमशला चौकशीला नेलं, पण त्याला पुढच्या सीटवर बसवलं होतं. जाताना त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "मावशी, हयद उधार राह्यली." राजकुमारचं पद राहिलं. जबाबाला नागपूरला बोलावणार होते, त्याची टांगती तलवार होतीच. पण तो हापशीवर तोंड धुऊन अंगणात आला आणि आईजवळ बसून म्हणाला, "चहा दे व माय." विमलबाईंच्या हातून साखरेचा डबा सांडला.

दुपारी गेटाची कडी वाजली. कोणीतरी अनोळखी माणूस, खांद्याला पिशवी, उन्हात घामाघूम. विमान बघायला आला असेल, पेपरवाला असेल, कोण जाणे. काजल सवयीनं गेटाशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि थांबली. मागं वळून तिनं सासूकडं पाहिलं. विचारू की नको, असं तिच्या डोळ्यांत होतं.

विमलबाई बाजेवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मनगट सुजलं होतं, त्याला हळद लावलेली. त्यांनी चिंच खाली ठेवली.

"पाहून काय राह्यली माह्याकडं? इचार," त्या म्हणाल्या, पलीकडच्या वावरातल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "नाव इचार, गाव इचार, सासऱ्याचं नाव इचार. आजपासून कडी तुही, मी मध्ये बोलनार नाही. अन् थैली ज्याची त्यानं धरावी, भले माह्या सख्ख्या लेकीचा नवरा येवो. पन पहिले पानी दे त्याले, गोडं पानी दे, अन् सावलीत उभं करून इचार. उन्हात ताटकयत ठेवून इचारलं, तर तुहं माहं अजूनही पटनार नाही, सांगून ठेवतो!"